नोकरी गेली आणि सुगरण सापडली!

डिग्री नाही म्हणजे करिअर संपलं, असं वाटतंय? मग सलीम अलींची गोष्ट वाचाच.

जन्म १२ नोव्हेंबर १८९६, मुंबई. दहा भावंडांत सर्वांत धाकटे. आई-वडील लहानपणीच गेले, मामांनी सांभाळलं. एकदा छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती, हे विचारायला पोरगा बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला. सचिव मिलार्ड यांनी पक्ष्यांचा अख्खा संग्रह उघडून दाखवला. झालं, वेड लागलं!

पण वेडाने पोट भरत नाही. पदवी नसल्यामुळे सरकारी प्राणी सर्वेक्षण खात्यातली जागा हुकली. मुंबईच्या म्युझियममध्ये गाइडची नोकरी लागली. मध्येच ते बर्लिनला पक्षीशास्त्र शिकायला गेले. १९३० मध्ये परत येऊन बघतात तर काय, निधी नाही म्हणून ती जागाच रद्द झालेली!

तुम्ही काय केलं असतं? ते पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. तिथे तासन् तास बसायचं, बघायचं आणि वहीत टिपायचं, एवढंच काम. त्यातून कळलं ते असं: खोपा विणतो नर. तो अर्धवट असतानाच मादी येऊन तपासते. पसंत पडला तरच ती राहते. मग नर तो पुरा करतो आणि दुसऱ्या मादीसाठी नवा खोपा सुरू करतो! आपल्या आसोद्याच्या बहिणाबाईंना ज्या खोप्याने ओव्या सुचवल्या, त्याच खोप्याने या बेकार माणसाला शास्त्रज्ञ म्हणून नाव मिळवून दिलं.

पुढे १९४१ मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं प्रसिद्ध पुस्तक आलं. मग रिप्ले यांच्यासोबत दहा खंडांचा ग्रंथ, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभा. २० जून १९८७ रोजी ते गेले.

आता तुमची पाळी. फेब्रुवारी-मार्चमध्ये हिवाळी पाहुणे उत्तरेकडे परतू लागतात. जळगावकरांनी मेहरूण तलाव किंवा हतनूर धरण गाठा, धुळेकरांनी नकाणे तलाव. उजाडताना पोहोचा, मोबाइल सायलेंटवर टाका आणि एका जागी बसा. तासाभरात दोनच पक्षी ओळखता आले? हरकत नाही. वहीत तारीख, वेळ आणि ते काय करत होते, एवढं लिहा. त्याला डिग्री लागत नाही.