हेन्रीचे वेटोळे

परवा परभणीच्या स्टेशन रोडवरल्या दुरुस्तीच्या एका दुकानात तासभर बसून होतो. घरच्या सौर पॅनेलचा एमपीपीटी कंट्रोलर दुसऱ्यांदा जळला होता. दुकानदाराने आतले तांब्याच्या तारेचे वेटोळे काढून दाखवले. आधीच्या कारागिराने त्याचे मूल्य बरोबर जुळवले होते, गाभा मात्र लहान घेतला होता. हे मूल्य ज्या मापात मोजतात त्याचे नाव हेन्री. मला आजवर ते एखाद्या कंपनीचे वाटत होते!

जोसेफ हेन्री १७९७ साली अमेरिकेतल्या ऑल्बनी गावी गरीब घरात जन्मला. वडील लवकर गेले. तेराव्या वर्षाच्या सुमारास पोर घड्याळजीकडे उमेदवारीला लागले. नाद होता नाटकाचा. पण सोळाव्या वर्षी विज्ञानाचे एक सोपे पुस्तक हाती पडले आणि नाटक सुटले. १८२६ पासून तो ऑल्बनी अकॅडमीत गणित आणि विज्ञान शिकवू लागला. दिवस वर्गातच सरे. प्रयोगांना खरी सवड ऑगस्टच्या सुटीत.

इंग्लंडच्या स्टर्जनने लोखंडावर उघडी तार विरळ गुंडाळून विद्युतचुंबक केला होता. हेन्रीने तारेलाच वेष्टन दिले आणि थरावर थर घट्ट गुंडाळले. १८३१ साली येल कॉलेजासाठी केलेल्या त्याच्या चुंबकाने २००० पौंडांहून अधिक वजन पेलले. मला त्याहून मोलाचे वाटते ते निराळेच. एकाच मोठ्या घटाला अनेक आखूड तारा बऱ्या, अनेक घटांच्या बॅटरीला एकच लांब तार बरी, हे त्याने पडताळून दाखवले. वेटोळे निवडण्याआधी ते कशाला जोडायचे, ते पाहावे लागते.

लांब तार बॅटरीपासून सोडवताना ठिणगी उडते आणि तार गुंडाळली की ठिणगी वाढते, हेही त्याने टिपले. प्रवाह तुटू लागला की वेटोळे साठवलेली शक्ती सोडून त्याला टिकवू पाहते. हे त्याने १८३२ साली छापले. तोवर इंग्लंडमध्ये फॅरडेने विद्युतप्रवर्तनाचा शोध जाहीर करून टाकला होता. आम्हा बँकवाल्यांना हे चांगले कळते: ज्याची नोंद आधी, त्याचा हक्क.

कंट्रोलरातला स्विच सेकंदाला हजारो वेळा हीच जोडतोड करतो. वेटोळे भरते, रिते होते. मूल्य फार कमी असेल तर प्रवाहाची चढउतार वाढते. तार बारीक असेल तर ती तापते. गाभा लहान पडला तर त्याची चुंबकत्व साठवण्याची सीमा येते, वेटोळे प्रवाहाला आवरेनासे होते आणि स्विच जळतो. आमच्याकडेही कर्ज कागदोपत्री बरोबर असे, बुडे ते ऐपत न पाहिल्यामुळे. असो.

१८४६ साली हेन्री वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेचा पहिला सचिव झाला. शोधांची पेटंटे काही त्याने घेतली नाहीत. तो १८७८ साली वारला, आणि १८९३ साली शिकागोच्या विद्युत परिषदेत त्या मापाला त्याचे नाव मिळाले.

दुकानदाराने खोक्यातून त्याच आकड्याची दोन वेटोळी काढली. पॅनेल किती अँपियरचे, ते मला विचारले, आणि त्यातले जाड तारेचे, मोठ्या गाभ्याचे बसवले.