बुलडाण्याच्या ताराबाई

आधी एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीतली जोडाक्षरं वाचताना मी अजूनही अडखळते. जेन ऑस्टिन मला नववीतच माहीत होती. पण ज्या बुलडाण्यावरून दर सुट्टीत माझी एस.टी. जाते, त्या गावातल्या लेखिकेचं नाव मला विसाव्या वर्षी कळलं. ताराबाई शिंदे!

झालं असं की, दिवाळीत घरी जुनी ट्रंक आवरत होते. सातबारा, कराच्या पावत्या, आजोबांच्या नोकरीचे कागद, सगळं नीट बांधून ठेवलेलं. आजीच्या हातचा मात्र एकही कागद नाही. आई सांगते, आजी जात्यावर स्वतः ओव्या जुळवायची. त्या कुणी लिहूनच घेतल्या नाहीत. ती रिकामी जागा डोक्यात घेऊन मी हॉस्टेलवर आले आणि लायब्ररीत ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे छोटंसं पुस्तक हाती पडलं.

ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमाराचा. वडील बापूजी हरि शिंदे हे बुलडाण्याला डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. चार भाऊ आणि ही एकुलती एक मुलगी. वडिलांनी तिला मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवलं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला, त्या विचारांशी हे घर जोडलेलं होतं. लग्न झालं तरी ताराबाई माहेरीच राहिल्या, नवरा घरजावई आला. मूलबाळ झालं नाही. शिकलेली असली तरी घर मराठ्याचं, त्यामुळे चार भिंतींच्या चौकटीतच राहणं होतं. ही तक्रार त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवली आहे.

१८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर खटला झाला. बदनामीच्या भीतीने तिने आपल्या नवजात बाळाला मारलं होतं. तिला फाशीची शिक्षा झाली, पुढे अपिलात ती कमी झाली. वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांनाच नावं ठेवणं सुरू झालं. विधवेला पुन्हा लग्न करू न देणारे आणि तिला फसवणारे कोण, हे मात्र कुणी विचारत नव्हतं. ते ताराबाईंनी विचारलं. जे दुर्गुण बायकांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत का? बायको मेली की पुरुष लगेच दुसरी करतो, मग बाईलाच वेगळा न्याय का? १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात पुस्तक छापलं गेलं. प्रती ५०० आणि किंमत नऊ आणे.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते त्यांच्या श्रद्धेने. रोज सकाळी शाळेत येशूची प्रार्थना आणि संध्याकाळी घरी हरिपाठ, अशी मी वाढले. प्रश्न विचारला की श्रद्धा संपते, असं मला वाटायचं. ताराबाई पुराणातल्या देवांना आणि ऋषींनाही सोडत नाहीत, त्यांच्या वागण्याचा हिशोब मागतात. पण ज्याने स्त्री आणि पुरुष दोघांना घडवलं, त्या ईश्वराला साक्षीला ठेवूनच त्या बोलतात. म्हणजे श्रद्धा आणि प्रश्न एकाच मनात राहू शकतात तर!

पुस्तकावर टीका झाली, ती आपल्या म्हणवणाऱ्या लोकांकडूनही. १८८५ साली जोतीरावांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. पण त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. १९१० च्या सुमारास त्या गेल्या. पुस्तक विस्मरणात गेलं, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध केलं. १९९४ मध्ये रोझालिंड ओ'हॅन्लन या अभ्यासक बाईंनी त्याचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलं. आता ते जगभर अभ्यासलं जातं.

आपल्याला सबमिशन, व्हायवा, जर्नल यातून वेळ मिळत नाही, हे खरंच आहे. लिहायचं ते नोकरी लागल्यावर, असं घरचेही म्हणतात. पण ताराबाई थांबल्या असत्या तर काय उरलं असतं? बापूजींच्या कचेरीतली नोंद उरली असती, मुलीची नाही. नऊ आण्यांच्या त्या पुस्तकावर त्यांनी स्वतःचं नाव घातलं, म्हणून आज त्या आपल्याला सापडल्या.

गेल्या वर्षी याच अंकासाठी मी एक कविता दिली होती. घरी कळलं तर, या भीतीने खाली नाव घातलं नव्हतं. या वर्षी संपादकांना सांगितलंय, लेखाखाली माझं पूर्ण नाव छापा. आणि अंकाची एक प्रत घरी नेणार आहे... त्या ट्रंकेत ठेवायला.