जॉन बन्यन व धुळीने भरलेली खोली

ज्या ग्रंथाचे भाषांतर हरि केशवजी ह्यांनी सन १८४१ साली ‘यात्रिकक्रमण’ ह्या नावाने मराठीत केले, त्याचा कर्ता जॉन बन्यन हा काही मोठा विद्वान नव्हता. त्याचा जन्म सन १६२८ साली इंग्लंडात बेडफर्ड शहराजवळील एल्स्टो गावी झाला. बाप जुन्या भांड्यांना डाग देणारा. मुलानेही तोच धंदा धरिला. त्याचे शिक्षण बेताचेच झाले; परंतु भांडी दुरुस्त करीत दारोदार फिरताना गोरगरिबांची चूल, भिंत व अंगण ही त्याच्या नित्य पाहण्यात होती.

पुढे तो उपदेश करू लागला. सरकारी परवान्यावाचून उपदेश केल्यावरून सन १६६० साली त्यास पकडण्यात आले. उपदेश सोडण्याचे वचन दिले असते तर त्याची सुटका झाली असती. ते त्याने दिले नाही. घरी पत्नी एलिझाबेथ व चार मुले. त्यांतील मेरी ही आंधळी. तिच्या काळजीने बापाचे काळीज तुटे. तुरुंगात नाड्यांच्या टोकांना धातूची टोपणे बसवून तो कुटुंबास हातभार लावी. अशी बारा वर्षे गेली.

त्याचा हा प्रसिद्ध ग्रंथ सन १६७८ साली छापून निघाला. त्यात यात्रेकरू अर्थ सांगणाऱ्याच्या घरी येतो, तो भाग आम्ही वाचकांस पुन्हा वाचावयास सांगतो. तेथे एक मोठी खोली आहे. ती कधीच झाडलेली नाही. एक मनुष्य केरसुणी घेऊन झाडू लागतो, तो इतकी धूळ उडते की यात्रेकरूचा जीव गुदमरतो. मग एक मुलगी पाणी आणून शिंपडते आणि खोली सहज स्वच्छ होते. खोली म्हणजे मनुष्याचे अंतःकरण, झाडणारा म्हणजे नियमशास्त्र व पाणी शिंपडणारी म्हणजे सुवार्ता. दुसऱ्या ठिकाणी भिंतीशी विस्तव जळत आहे. एकजण त्यावर पाणी ओतीत आहे, तरी ज्वाळा वाढतच आहे. कारण भिंतीमागे उभा राहून कोणी गुप्तपणे तेल घालीत आहे. आणखी एका अगदी अंधाऱ्या खोलीत लोखंडी पिंजऱ्यात एक निराश मनुष्य खाली पाहत बसला आहे.

ह्यात सोन्याचे खांब नाहीत की रेशमी पडदे नाहीत. बन्यन खोलीतील सर्व सामान मोजीत बसत नाही. जेवढ्याने अर्थ उघडतो तेवढेच दाखवितो. पण धूळ नाकात जाते, विस्तवाची आच लागते, अंधार अंगावर येतो. सडा घातल्यावाचून झाडले तर काय होते, हे आमच्या प्रत्येक घरच्या बाईस ठाऊक आहे. म्हणून हा दाखला तिला निराळा समजावून द्यावा लागत नाही.

सन १६८८ साली एका रागावलेल्या बापाचा व मुलाचा समेट करून परतताना बन्यन पावसात भिजला, तापाने पडला व लंडनात मरण पावला.

प्रिय उपदेशक बंधूंनो, गोष्ट सांगताना श्रोत्यांस दाराबाहेर उभे ठेवू नका. आधी त्यांना खोलीत न्या, मग अर्थ सांगा.