अप्पासाहेब पटवर्धन

सीताराम पुरुषोत्तम तथा अप्पासाहेब पटवर्धन (४ नोव्हेंबर, १८९४ – १० मार्च, १९७१) हे गांधीवादी समाजसेवक, लेखक आणि ग्रामीण मलव्यवस्थापनाच्या शास्त्रशुद्ध पद्धतींचे महाराष्ट्रातील आद्य प्रवर्तक होते. ते ‘कोकणचे गांधी’ या नावाने ओळखले जातात.

== जीवन ==
अप्पासाहेबांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील आगरगुळे येथे झाला. उच्च शिक्षणानंतर सुरक्षित चाकरीची वाट सोडून ते महात्मा गांधींच्या साबरमती आश्रमात दाखल झाले. पुढे कोकण हीच त्यांची कर्मभूमी ठरली. कोकणातील मिठाच्या सत्याग्रहाच्या प्रमुख कार्यकर्त्यांत त्यांची गणना होते. गांधीजींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद त्यांनी केला. ‘जीवनयात्रा’ हे त्यांचे आत्मचरित्र आहे.

== तुरुंगातील उपोषण ==
१९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असताना अप्पासाहेबांनी सफाईचे, म्हणजे त्या काळच्या भाषेतील भंगीकामाचे, काम स्वतःला मिळावे अशी मागणी केली. सवर्ण कैद्याला हे काम देता येत नाही, या कारणावरून ती नाकारण्यात आली. अप्पासाहेबांनी अन्नत्यागाचा मार्ग पत्करला. त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवडा तुरुंगात असलेल्या गांधीजींनीही ३ डिसेंबर, १९३२ रोजी उपोषण सुरू केले. सरकारकडून आश्वासन मिळाल्यावर ते थांबले. एखादे काम जन्मावरून वाटून देणे हाच अस्पृश्यतेचा पाया आहे, ही अप्पासाहेबांची धारणा या प्रसंगामुळे देशासमोर आली.

== गोपुरी आणि सोनखत ==
१९४८ मध्ये अप्पासाहेबांनी कणकवली येथे गोपुरी आश्रमाची स्थापना केली. मृत जनावरांची कातडी सोडवण्याचे काम ते स्वतः करीत व इतरांना शिकवीत. मैला डोक्यावरून वाहून नेण्याची प्रथा केवळ उपदेशाने बंद होणार नाही, त्यासाठी संडासाची रचनाच बदलली पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

त्यांच्या प्रयोगांतून ‘गोपुरी संडास’ हा प्रकार पुढे आला. त्यात कप्पे आळीपाळीने वापरले जातात. प्रत्येक वापरानंतर मैल्यावर माती, राख किंवा पालापाचोळा टाकतात. त्यामुळे दुर्गंधी व माश्या कमी होतात. एक कप्पा भरला की तो बंद करून दुसरा वापरतात. मधल्या काळात सूक्ष्मजीवांच्या क्रियेने मैला कुजतो आणि काही महिन्यांनी मातीसारखे सोनखत तयार होते. ते काढताना ताज्या मैल्याशी कोणाचाही संबंध येत नाही. यातून नत्र, स्फुरद आणि पालाश ही पिकांची अन्नद्रव्ये शेताला परत मिळतात.

संडासाला जोडलेल्या ‘मलप्रभा’ या गॅससंयंत्राची कल्पनाही अप्पासाहेबांचीच होय. त्यात हवाबंद टाकीत मैला कुजून स्वयंपाकासाठी गॅस मिळतो. पुढे देहू येथील डॉ. एस. व्ही. मापुसकर यांनी या रचनेत सुधारणा करून तिचा प्रसार केला.

== कमी पाण्याच्या प्रदेशातील उपयुक्तता ==
अप्पासाहेबांचे प्रयोग भरपूर पावसाच्या कोकणात झाले असले, तरी त्यामागील तत्त्व अवर्षणप्रवण भागाला अधिक लागू पडते. सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकच्या सीमेलगत असलेला दुधनी परिसर अशाच भागात मोडतो. मैला वाहून नेणाऱ्या भुयारी गटारांना सतत पाणी लागते, आणि मैला मिसळल्यामुळे ते सर्वच पाणी शुद्ध करावे लागते. मैला जागेवरच कोरडा कुजवला, तर अंघोळीचे व स्वयंपाकघरातील सांडपाणी तेवढे उरते. ते शोषखड्ड्यात जिरवता येते किंवा परसबागेला देता येते. मात्र कप्प्यात पाणी शिरू न देणे आणि खत पूर्ण कुजेपर्यंत थांबणे, ही पथ्ये पाळावी लागतात.

== वारसा ==
स्वातंत्र्योत्तर काळात अप्पासाहेबांनी विनोबा भावे यांच्या भूदान चळवळीत भाग घेतला. १० मार्च, १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध भारतात १९९३ आणि २०१३ मध्ये कायदे झाले. संडासाची रचना सुधारली, पण खत उपसण्याचे काम पुन्हा एकाच जातीकडे गेले, तर मूळ अन्याय कायम राहतो. म्हणूनच ज्याचा संडास त्यानेच तो स्वच्छ ठेवावा, हा आग्रह अप्पासाहेबांच्या कार्याचा गाभा मानला जातो.