रावबहादूर धुरंधर : आटपाट नगराचे चित्रकार

श्रावण लागला की बीदर, भालकी, बसवकल्याण, औराद ते थेट आळंदपर्यंत आपल्या घरांत वारांच्या कहाण्या निघतात. रविवारी आदित्यराणूबाई, सोमवारी खुलभर दूध, शुक्रवारी जिवती. या कहाण्यांतले आटपाट नगर कोणीच पाहिलेले नाही. पण शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका मराठी चित्रकाराने ते कागदावर उतरवले. त्या रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांची ओळख आपल्या सभासदांना, विशेषतः घरातल्या मुलांना, व्हावी म्हणून हा लेख देत आहोत.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापूरला, पाठारे प्रभू कुटुंबात झाला. १८९० मध्ये ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तेव्हा तेथे ग्रिफिथ्स साहेब प्रमुख होते. १८९५ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक धुरंधरांना मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. ज्या चित्राला पदक मिळाले त्याचे नाव होते 'लक्ष्मी आलीस का?' महालक्ष्म्या घरात आणताना उंबऱ्यावर आपण जे विचारतो, तेच हे शब्द!

१८९६ पासून ते त्याच शाळेत शिक्षक झाले, पुढे मुख्याध्यापक आणि १९३० मध्ये प्रभारी संचालक. १९३१ मध्ये निवृत्त झाले. विद्यार्थी म्हणून पाऊल टाकल्यापासूनची ही वर्षे त्यांनी 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' या आत्मचरित्रात मांडली आहेत. सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. दिल्लीच्या सचिवालयातील भित्तिचित्रे आणि शिवराज्याभिषेकाचे चित्र यांमुळे त्यांचे नाव मोठे झाले.

पण आम्हाला जवळचे वाटतात ते पुस्तकांत चित्रे काढणारे धुरंधर. एडवर्ड्स यांचे मुंबईवरील पुस्तक (१९१२) आणि रॉथफिल्ड यांचे भारतीय स्त्रियांवरील पुस्तक त्यांच्या चित्रांनी सजले. त्या दोन्हींच्या मधले, १९१४ चे 'डेक्कन नर्सरी टेल्स', हे आपल्या घरचे. किंकेड या सनदी अधिकाऱ्याने आपल्या वीस कहाण्या इंग्रजी मुलांसाठी इंग्रजीत सांगितल्या आणि चित्रांचे काम धुरंधरांकडे आले.

हे काम वाटते तितके सोपे नव्हते. कहाणीत राणी नुसती राणी असते आणि म्हातारी नुसती म्हातारी. राणीचे लुगडे कसे, नथ कशी, पाट कुठे मांडला, दूध कोणत्या भांड्यात, हे कहाणी सांगत नाही, कारण ऐकणाऱ्याला ते ठाऊकच असते. परदेशी मुलाला त्यातले काहीच ठाऊक नव्हते. कहाणीने न सांगितलेले सारे चित्रकाराला भरून काढायचे होते, तेही एकेक प्रसंग नेमका निवडून. येथे धुरंधरांची जन्मभराची सवय कामी आली. रस्त्यात, घाटावर, घरात दिसेल ते ते वहीत टिपत. पत्नी गंगूबाई यांची तर त्यांनी कितीतरी रेखाटने केली. म्हणून त्यांच्या चित्रांतल्या बायका परक्या वाटत नाहीत. पदराची ओढ, निऱ्या, अंबाडा पाहिला की कोणाची तरी आजी, मावशी आठवते.

१ जून १९४४ रोजी धुरंधरांचे निधन झाले. त्यांच्या कन्या अंबिकाबाई यांनी स्वतः चित्रकलेची पदविका घेतली आणि वडिलांचा ठेवा सांभाळला. २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले होते.

आता आपल्याकडचे बघा. आजींना कहाणी तोंडपाठ आहे, पण ती मराठीत. नातवंडे शाळेत कन्नड आणि इंग्रजी वाचतात, मराठी अक्षराशी अडखळतात. आजीनंतर ही कहाणी सांगणार कोण, ही काळजी अनेक घरांत आहे. परदेशी मुलांसाठी काढलेले हे पुस्तक आज इंटरनेटवर मोफत मिळते. नातवाने मजकूर इंग्रजीत वाचावा, आजीने तीच कहाणी मराठीत सांगावी आणि धुरंधरांचे चित्र दोघांच्या मध्ये उघडे असावे. चित्राला भाषा आडवी येत नाही.

येत्या श्रावणात एका सोमवारी तरी हे आपल्या घरी करून पाहावे, ही सर्व सभासदांना विनंती.