पंडित विष्णु नारायण भातखंडे : मैफलीतून वर्गाकडे

आज एखाद्या विद्यापीठाच्या ललित व प्रयोगजीवी कला विभागात गायनाच्या पदवीसाठी प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला नेमलेला अभ्यासक्रम, छापील बंदिशी, स्वरलेखन आणि लेखी प्रश्नपत्रिका या गोष्टी स्वाभाविक वाटतात. त्या स्वाभाविक नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानी संगीत मुख्यतः गुरूच्या घरी, घराण्याच्या नात्यातून आणि संस्थानिकांच्या आश्रयाने जगत होते. शिष्याला काय मिळावे आणि केव्हा मिळावे, हे गुरू ठरवीत असे. ही विद्या वर्गात आणता येईल काय, हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर सोडला नाही, त्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या चरित्राचा परिचय या घटकात करून घ्यावयाचा आहे.

भातखंडे यांचा जन्म मुंबईत वाळकेश्वर येथे १० ऑगस्ट १८६० रोजी झाला. ते पेशाने गवई नव्हते, ही बाब आरंभीच ध्यानात ठेवावी. १८८५ मध्ये त्यांनी बी. ए.ची आणि १८८७ मध्ये कायद्याची पदवी घेतली. काही काळ त्यांनी कराचीत आणि पुढे मुंबईत वकिली केली. विद्यार्थिदशेतच, १८८४ मध्ये, ते गायन उत्तेजक मंडळीत दाखल झाले होते. कैखुश्रू काबराजी यांच्या पुढाकाराने पारशी मंडळींनी १८७० मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेत गवई येत आणि गात. पगारी गुरूकडून सुशिक्षित गृहस्थांनी गाणे शिकावे, ही तेथील रीत त्या काळी नवीनच होती. रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून त्यांनी ध्रुपदे घेतली. दिवसा अशील आणि संध्याकाळी तंबोरा असा हा क्रम पुष्कळ वर्षे चालला.

१९०० मध्ये पत्नीचे आणि १९०३ मध्ये एकुलत्या एक कन्येचे निधन झाले. त्यानंतर भातखंडे यांनी वकिली सोडली. चरित्रकार या दोन घटनांवर बरेच लिहितात. आपण एवढेच नोंदवू, की वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, म्हणजे ज्या वयात माणसे बसलेली घडी मोडत नाहीत त्या वयात, ते प्रवासाला निघाले.

१९०४ मध्ये ते दक्षिणेत गेले. एट्टयपुरम येथे सुब्बराम दीक्षितर यांची त्यांनी भेट घेतली. सतराव्या शतकातील व्यंकटमखी याच्या ‘चतुर्दंडिप्रकाशिका’ या ग्रंथाशी त्यांचा परिचय झाला तो याच प्रवासात. रागांचे स्वरसप्तकांच्या आधारे मेळांत वर्गीकरण करण्याची व्यंकटमखीची पद्धत त्यांना फार महत्त्वाची वाटली. पुढील काही वर्षांत नागपूर, कलकत्ता, हैदराबाद, अलाहाबाद, काशी, लखनौ, जयपूर, उदयपूर अशी भ्रमंती झाली. जेथे जात तेथे ते जुने संस्कृत ग्रंथ शोधीत आणि गवयांना प्रश्न विचारीत. रामपूरचे नवाब हमीद अली खाँ यांचे त्यांनी शिष्यत्व पत्करले. जयपूरच्या महंमद अली खाँ आणि त्यांच्या पुत्रांकडून त्यांनी मोठ्या संख्येने ख्याल मिळविले.

या प्रवासातून त्यांच्या हाती एक अडचणीचा निष्कर्ष आला. प्राचीन ग्रंथांत वर्णिलेले राग आणि समोर बसून गवई गात होते ते राग यांचा मेळ बसत नव्हता. येथे भाषेच्या विद्यार्थ्याने थोडे थांबावे. लक्ष्य म्हणजे प्रत्यक्ष प्रयोग आणि लक्षण म्हणजे त्याचे नियम, ही जोडी व्याकरणशास्त्राला परिचित आहे. प्रयोग बदलला की नियमाने बदलावे, की नियमाला धरून प्रयोग सुधारावा? भातखंडे यांनी पहिला पर्याय निवडला. १९१०च्या सुमारास ‘चतुरपंडित’ या टोपणनावाने त्यांनी लिहिलेल्या संस्कृत ग्रंथाचे ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हे नावच त्याची साक्ष देते. प्रचलित संगीताचे शास्त्र लिहायचे, पण ते संस्कृत श्लोकांत! शास्त्राला प्रतिष्ठा हवी असेल तर ती कोणत्या भाषेत मिळते, याचे भान या निवडीत दिसते. मात्र खरे विवेचन त्यांनी मराठीत केले. ‘हिंदुस्थानी संगीतपद्धति’ हा १९१० ते १९३२ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेला ग्रंथ गुरुशिष्यसंवादाच्या रूपात आहे. मराठी शास्त्रीय गद्याचा नमुना म्हणूनही तो अभ्यासावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

त्यांच्या वर्गीकरणाचे स्वरूप एका उदाहरणाने पाहू. बिलावल हे शुद्ध सप्तक मानून त्यांनी कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी यांसह दहा थाट स्वीकारले. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर लागतात. तरीही भूप कल्याण थाटात आणि देशकार बिलावल थाटात. कारण भूपात गंधार प्रमुख, देशकारात धैवत, चलनही निराळे. घरी पेटी असल्यास हे पाच स्वर वाजवून पाहावेत, म्हणजे केवळ स्वरांच्या यादीने राग सिद्ध होत नाही हे कानालाच कळेल. थाटपद्धतीची मर्यादाही येथेच दिसते. पटदीपात गंधार कोमल आणि निषाद शुद्ध. असे सप्तक दहांपैकी एकाही थाटात नाही. परीक्षेत तो काफी थाटाचा म्हणून लिहिला जातो, इतकेच.

स्वरलेखनाची त्यांची पद्धत साधी होती. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली आणि तार सप्तकासाठी वर बिंदू. ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत या लिपीतून शेकडो बंदिशी छापल्या गेल्या. घराण्यांनी जपलेले धन कोणालाही विकत मिळू लागले. उस्तादांची नाराजी समजण्याजोगी होती, कारण त्यांची उपजीविका त्याच धनावर चालत असे. भातखंडे मात्र अनेक उस्तादांकडे शास्त्रज्ञान नाही असे मानीत. ज्यांच्या स्मरणशक्तीवर आपले सर्व संकलन उभे राहिले, त्यांना शास्त्राच्या दारी उभे ठेवण्यात अन्याय होता, असे अलीकडचे अभ्यासक म्हणतात. ते आक्षेप बाजूला सारता येत नाहीत. लिहिलेली बंदिश मींडेचा, कणाचा आणि आवाजाच्या लगावाचा फार थोडा अंश टिपते, हेही खरे. पण लिहून ठेवल्या नसत्या, तर यांतील किती बंदिशी त्या त्या गवयाबरोबर गेल्या असत्या?

आता संस्थांकडे वळू. बडोद्यात मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये गायनशाळा सुरू केली होती. पुढे तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्रयोगजीवी कला विद्याशाखेचे मूळ त्याच शाळेत आहे. १९१६ मध्ये सयाजीरावांच्या आश्रयाने बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तेथे भातखंडे यांनी उत्तर हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासावर इंग्रजीत व्याख्यान दिले. श्रुतींच्या मोजमापावरून मोठा वादही झाला. त्यानंतर दिल्ली, काशी आणि दोनदा लखनौ येथे परिषदा झाल्या. राष्ट्रीय संगीत अकादमी स्थापावी हे त्यांचे स्वप्न होते. ते त्यांच्या हयातीत उतरले नाही. त्याआधी, १९१८ मध्ये, ग्वाल्हेरच्या माधव संगीत विद्यालयाची घडी त्यांनी बसविली होती. १९२६ मध्ये राय उमानाथ बली आणि संयुक्त प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांच्या साहाय्याने लखनौत संगीत महाविद्यालय उघडले. प्रांताचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्या नावावरून ते मॅरिस कॉलेज म्हणून ओळखले गेले. परकीय अधिकाऱ्याचे नाव देऊन राजाश्रय मिळविणे हा त्या काळचा व्यवहार होता.

या महाविद्यालयाची धुरा श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी वाहिली. भातखंडे यांच्या या शिष्याला बडोद्यात उस्ताद फैयाज खाँ यांची तालीम मिळाली होती, आणि ती मिळावी म्हणून स्वतः भातखंडे यांनीच खटपट केली होती. वर्गाचा आणि क्रमिक पुस्तकांचा पुरस्कर्ता आपल्या सर्वोत्तम शिष्याला उस्तादासमोर बसवितो, ही गोष्ट त्यांच्या टीकाकारांनी आणि भक्तांनीही पुरेशी लक्षात घेतलेली नाही.

१९३३ मध्ये अर्धांगवायूचा झटका आल्याने भातखंडे अंथरुणाला खिळले. १९ सप्टेंबर १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. क्रमिक मालिकेचा अखेरचा भाग त्यानंतर, १९३७ मध्ये, बाहेर आला. लखनौचे महाविद्यालय १९६६ मध्ये उत्तर प्रदेश शासनाने ताब्यात घेऊन त्यास त्यांचे नाव दिले. २००० मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. रातंजनकर पुढे खैरागढच्या इंदिरा कला संगीत विद्यापीठाचे कुलगुरू झाले.