मूकनायकची नाकारलेली जाहिरात

वृत्तपत्र स्वातंत्र्याचा विषय निघाला की शाळेत टिळकांवरचा १९०८ चा राजद्रोहाचा खटला शिकवतात. शिकवावाच. केसरीतल्या लेखांसाठी सहा वर्षांची शिक्षा आणि मंडालेचा तुरुंग ही लहान गोष्ट नव्हे. विहारातल्या रविवारच्या वर्गात आम्ही त्याच्या शेजारी आणखी एक कागद ठेवतो: ३१ जानेवारी १९२० चा 'मूकनायक'.

बाबासाहेब तेव्हा २८ वर्षांचे, मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक. सरकारी नोकरीमुळे संपादक म्हणून स्वतःचे नाव लावता येईना. ते पांडुरंग नंदराम भटकरांचे लागले. शाहू महाराजांनी २,५०० रुपये दिले. पाक्षिक निघतेय एवढी जाहिरात केसरीने पैसे घेऊन छापावी, अशी विनंती केली. केसरीने नकार दिला. टिळक तेव्हा हयात होते. इथे ना सरकारी हुकूम होता, ना कोर्ट.

जाहिरात घ्यायची की नाही हा केसरीचाही हक्कच नव्हता का, असे एका मुलाने विचारले. होता. मग ज्यांच्या हाती एकही छापखाना नाही, त्यांच्या स्वातंत्र्याचे काय? यावर वर्गात तासभर वाद झाला.

ही हकिकत बाबासाहेबांनीच पुढे 'बहिष्कृत भारत'मध्ये लिहून ठेवली. म्हणजे एका बाजूची साक्ष. केसरीचे त्या महिन्यांचे अंकही ग्रंथालयात जाऊन पाहा, असे आम्ही मुलांना सांगतो. आणि मूकनायकचा पहिला अग्रलेख 'मनोगत' वाचायला लावतो. दीनमित्र, ज्ञानप्रकाश अशी काही पत्रे बहिष्कृतांच्या प्रश्नांची चर्चा करतात हे बाबासाहेबांनी त्यात मान्य केले; फक्त तिथे पुरेशी जागा मिळणे शक्य नाही, असे बजावले. (व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मजकुरात हे श्रेय कधी दिसत नाही.)

त्याच वर्षी ते लंडनला गेले आणि १९२३ मध्ये मूकनायक बंद पडला. महाडच्या चवदार तळ्यानंतर दोनच आठवड्यांत, ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' निघाला. या वेळी संपादक ते स्वतः. लिहिणारे नाहीत म्हणून २४-२४ रकाने एकट्याने भरले. १९२९ मध्ये तोही थांबला. दरम्यान 'समता' आली, १९३० मध्ये 'जनता'. तिचेच नाव ४ फेब्रुवारी १९५६ ला 'प्रबुद्ध भारत' झाले. त्याच ऑक्टोबरात नागपूरची धम्मदीक्षा, डिसेंबरात महापरिनिर्वाण.

मूकनायक आणि बहिष्कृत भारतचे अंक राज्य शासनाने एका खंडात छापले आहेत. आमच्या वर्गातल्या प्रतीची पाने हाताळून सुटी झालीत. कुणाकडे जादा प्रत असेल तर हवी आहे.